घरच्या संगणकाचे श्रमदान

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुन्या विमानतळाचा रस्ता बाह्य वर्तुळमार्गास जेथे मिळतो, तेथे मारतहळ्ळी नावाची दाट वस्ती आहे. इंग्रजी पाटीवरील अक्षरे वाचून आपल्याकडील पाहुण्यास त्या नावात 'मराठा' दिसतो आणि त्याला क्षणभर घरच्यासारखे वाटते. कन्नड पाटीवर मात्र स्वच्छ 'मारतहळ्ळी' असेच लिहिलेले असते. नाव फसवे असले, तरी आपुलकी अगदीच अस्थानी नाही. येथून जवळच असलेल्या विमानांच्या कारखान्याची मुहूर्तमेढ १९४० साली सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने रोवली. आज या परिसरातील उंच इमारतींतून पुणे, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव अशा ठिकाणांहून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांतील पुष्कळांची उपजीविका संगणकावर चालते.

वाचकहो, अशा एखाद्या घरात आपण रात्री अकराच्या सुमारास बसला आहात, अशी कल्पना करा. घरातील मंडळी झोपावयास निघाली आहेत. दिवे मालवले गेले. परंतु कोपऱ्यातील संगणक चालूच आहे. त्याचा पंखा घरघरतो आहे. गावाहून आलेली आई मुलास विचारते, "अरे, हे बंद करायचं विसरलास का? रात्रभर वीज जळेल." मुलगा सांगतो, "विसरलो नाही, आई. आपण झोपतो तेव्हा तो आजारांवरच्या संशोधनाचं काम करतो. जगभरातले लोक असंच आपापलं यंत्र देतात." आई क्षणभर थांबते आणि विचारते, "चांगलं आहे. पण त्यातून कुणी बरं झालं का रे?"

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर साधे नाही. ज्याच्या घरी संगणक आहे आणि ज्याला चार चांगली कामे करावीशी वाटतात, अशा प्रत्येक कुटुंबाने तो स्वतःस विचारावा अशा योग्यतेचा तो आहे. त्याचेच उत्तर आपण या लेखात शोधू.

इर्जिकेची रीत

आपल्या खेड्यांत इर्जिक नावाची एक जुनी रीत होती. एखाद्या शेतकऱ्याची नांगरणी मागे पडली, घरचे बैल अपुरे पडले, म्हणजे गावातील इतर शेतकरी आपापली औते आणि बैल घेऊन त्याच्या शेतावर जमत. एका दिवसात सारे शेत नांगरून होई. मजुरी कोणी घेत नसे. यजमान सर्वांस पोटभर जेवू घाली. जे काम एका जोडीस महिनाभर पुरले असते, ते वीस जोड्या एका दिवसात उरकीत.

संगणकांच्या या श्रमदानाचे तत्त्व नेमके हेच आहे. शास्त्रज्ञापुढे एक प्रचंड गणित असते. ते सोडविण्यास लागणारा महासंगणक त्याजवळ नसतो, किंवा असलाच तर त्यावर त्याच्या वाट्यास थोडा वेळ येतो. म्हणून तो त्या गणिताचे लहान लहान तुकडे करतो. ज्या गृहस्थांनी आपल्या यंत्रावर त्याचा कार्यक्रम बसवून घेतला आहे, त्यांच्याकडे एकेक तुकडा आपोआप पाठविला जातो. यंत्र रिकामे असेल तेव्हा तो तुकडा सोडविते आणि उत्तर परत धाडते. पुष्कळ प्रकल्पांत एकच तुकडा दोन निरनिराळ्या घरांत पाठवून उत्तरे ताडून पाहिली जातात, म्हणजे एखाद्या यंत्राने चूक केली तर ती ध्यानात येते.

ही कल्पना लोकप्रिय झाली ती १९९९ साली. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठाने आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींत दूरच्या सृष्टीतील एखादा संदेश सापडतो का, हे पाहण्यासाठी लोकांचे संगणक मागितले, आणि लक्षावधी लोकांनी ते दिले. संदेश सापडला नाही. २०२० मध्ये त्यांनी नवे काम वाटणे थांबविले. परंतु लोक आपली यंत्रे विनामूल्य देतात, हे त्यातून सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००० साली, स्टॅनफर्ड विद्यापीठातील विजय पांडे यांनी हीच रीत रोगसंशोधनाकडे वळविली. त्यांच्या प्रकल्पाचे नाव 'फोल्डिंग ॲट होम'. २००४ साली आयबीएम या कंपनीने 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' सुरू केली. २०२१ पासून तिचा कारभार टोरोंटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेला. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड बेकर यांचा 'रोझेटा ॲट होम' हा तिसरा मोठा प्रकल्प २००५ मधला.

गणित कशाचे?

रोगाचा आणि गणिताचा संबंध काय, असे आपण विचाराल. आपल्या शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे मण्यांच्या लांब माळेसारखा एक रेणू. ही माळ विशिष्ट रीतीने दुमडली की तिला आकार येतो, आणि त्या आकारामुळेच तिला काम करता येते. रोगजंतूंचेही तसेच. औषधाचा रेणू हा बहुधा जंतूच्या एखाद्या प्रथिनातील खाचेत जाऊन बसतो आणि त्याचे काम बंद पाडतो. कुलपात किल्ली अडकावी तसा. म्हणून खाच कोठे आहे हे आधी कळले पाहिजे.

अडचण अशी की, प्रथिन हे लोखंडी कुलपासारखे स्थिर नसते. ते सतत हलते, आखडते, उमलते. प्रयोगशाळेत काढलेल्या चित्रात न दिसणारी एखादी खाच निमिषमात्र उघडते आणि मिटते. ही हालचाल पाहावयाची तर संगणकावर प्रत्येक अणूचे पाऊल मोजावे लागते, आणि हे पाऊल अतिशय लहान असते. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले, तर त्यांतील सुमारे दोन भाग म्हणजे एक पाऊल. सेकंदाच्या केवळ हजाराव्या भागातील हालचाल पाहण्यासाठी अशी पन्नास हजार कोटी पावले मोजावी लागतात. दर सेकंदास हजार पावले मोजणारे यंत्र धरले, तरी त्यास जवळजवळ सोळा वर्षे लागतील. एवढा काळ थांबण्याइतके आयुष्य ना शास्त्रज्ञास असते, ना रुग्णास.

येथे घरोघरची यंत्रे उपयोगी पडतात. एकच लांब प्रवास करण्याऐवजी हजारो यंत्रे हजारो आखूड प्रवास करतात, आणि ते जोडून प्रथिनाच्या हालचालीचा एक नकाशा तयार केला जातो.

हाती काय लागले?

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. पंचवीस वर्षांच्या या खटाटोपातून प्रत्यक्ष काय निष्पन्न झाले?

पहिले उदाहरण लहान मुलांच्या कर्करोगाचे. न्यूरोब्लास्टोमा नावाचा मज्जापेशींचा एक कर्करोग बालवयात होतो. जपानमधील चिबा येथील शास्त्रज्ञांनी, अकिरा नाकागावारा यांच्या नेतृत्वाखाली, २००९ पासून वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडच्या साहाय्याने तीस लाख रेणू तपासले. या कर्करोगाच्या वाढीस मदत करणाऱ्या प्रथिनात त्यांपैकी कोणता रेणू नीट बसेल, हे पाहावयाचे होते. तीस लाखांतून सात रेणू आशादायक ठरले. ते प्रयोगशाळेतील पेशींवर आणि उंदरांवर तपासले गेले, आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गवताच्या गंजीतून सात सुया काढाव्यात, असे हे काम होते.

दुसरे उदाहरण इबोला या भयंकर आफ्रिकी रोगाचे. त्याच्या विषाणूचे एक प्रथिन असे आहे की, त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर औषधास शिरकाव करण्याजोगी जागाच नाही, असे मानले जाई. ग्रेगरी बोमन आणि त्यांचे सहकारी यांनी संगणकावर त्याची हालचाल तपासली, तेव्हा एक लपलेली खाच अधूनमधून उघडताना दिसली. हे केवळ संगणकाचे स्वप्न तर नव्हे ना, हे पाहण्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेत रासायनिक कसोटी लावली. खाच खरोखरीच होती. हा निबंध २०२२ साली प्रसिद्ध झाला. गणिताने भाकीत करावे आणि परीक्षानळीने त्यावर शिक्कामोर्तब करावे, यालाच आपण खरे शास्त्रीय फलित म्हणतो.

तिसरे उदाहरण आपणा सर्वांच्या आठवणीतले आहे. २०२० च्या वसंतात करोनाच्या साथीने जग घरात कोंडले गेले. त्या वेळी फोल्डिंग ॲट होमकडे दहा लाखांहून अधिक लोकांनी आपली यंत्रे दिली. मार्च २०२० मध्ये या विखुरलेल्या यंत्रांची एकत्रित शक्ती सेकंदास एकावर अठरा शून्ये इतक्या गणनांच्या पलीकडे गेली. तोवर जगातील कोणत्याही एका महासंगणकाने तो पल्ला गाठलेला नव्हता. तुलनेसाठी सांगावयाचे तर, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये उभा राहिलेला 'परम प्रवेग' हा देशातील विद्यापीठीय जगतातील एक बलाढ्य महासंगणक. त्याची शक्ती ३.३ पेटाफ्लॉप, म्हणजे वरील आकड्याच्या तीनशेव्या भागाइतकी. ही तुलना अर्थातच ढोबळ आहे. महासंगणकाचे भाग क्षणोक्षणी एकमेकांशी बोलतात. घरोघरची यंत्रे तसे करू शकत नाहीत. म्हणून तुकडे पडू शकणारी गणितेच या रीतीने सुटतात.

त्या इर्जिकेचे पीक २०२१ साली 'नेचर केमिस्ट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. करोना विषाणूच्या प्रथिनांची एकूण एक दशांश सेकंदाची हालचाल अभ्यासली गेली. एक दशांश सेकंद म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. परंतु मघाच्या आपल्या एकट्या यंत्रास त्यासाठी सुमारे सोळाशे वर्षे लागली असती. विषाणूचा काटा किती उघडतो हे त्यातून दिसले, आणि औषधास उपयोगी पडतील अशा पन्नासांहून अधिक लपलेल्या खाचा सापडल्या. ही सारी माहिती कोणासही वापरण्यास खुली ठेवली गेली. त्याच काळात अनेक देशांतील रसायनशास्त्रज्ञांनी मिळून 'कोविड मूनशॉट' नावाचा खुला उपक्रम चालविला. कोणते रेणू बनवून पाहावेत हे ठरविण्यास फोल्डिंग ॲट होमची गणिते तेथे कामी आली. त्याचा वृत्तांत २०२३ साली 'सायन्स' मध्ये आला.

यंत्राऐवजी माणसाची बुद्धी मागणारे उदाहरणही येथे सांगितले पाहिजे. बेकर यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली 'फोल्डइट' नावाचा एक खेळ काढला. प्रथिनाची माळ पडद्यावर दुमडून चांगला आकार साधावयाचा, असा हा खेळ. माकडांना एड्ससारखा रोग देणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाचा आकार शास्त्रज्ञांस दहा वर्षांहून अधिक काळ सापडत नव्हता. २०११ साली खेळाडूंनी तो सुमारे तीन आठवड्यांत सुचविला आणि तो बरोबर ठरला. प्रथिने नव्याने घडविण्याच्या शास्त्रासाठी बेकर यांना पुढे २०२४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशातील प्रयोग

हे सारे परदेशी झाले. आपल्याकडे काय, असे आपण म्हणाल. आपल्याकडेही एक प्रयोग झाला, आणि तो आपल्याच दुखण्यावर झाला. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. हा मुख्यतः गरिबांचा रोग असल्यामुळे त्यावरील नव्या औषधांत मोठ्या कंपन्यांना फारसे स्वारस्य नसे. म्हणून २००८ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तिचे तत्कालीन महासंचालक समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकाराने, 'ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी' ही योजना हाती घेतली. औषधाचा शोध बंद दारामागे न करता सर्वांच्या देखत करावा, आणि ज्यास येईल त्याने हात लावावा, हे तिचे सूत्र होते.

क्षयाच्या जंतूचा जनुकसंच १९९८ सालीच वाचला गेला होता. त्यात सुमारे चार हजार जनुके आहेत. परंतु कोणते जनुक काय काम करते, याची माहिती असंख्य शोधनिबंधांत विखुरलेली होती. ती वाचून, पारखून, एकत्र जुळविणे हे यंत्राचे काम नव्हते, वाचणाऱ्या माणसाचे होते. 'कनेक्ट टू डिकोड' नावाच्या उपक्रमात देशभरातील विद्यार्थी आणि तरुण संशोधक यांनी हे काम वाटून घेतले. २०१२ साली त्याचे फलित प्रसिद्ध झाले. जंतूच्या १,४३४ प्रथिनांमधील २,५७५ संबंधांचा नकाशा सिद्ध झाला, आणि जनुकसंचाच्या ८७ टक्के भागाच्या कार्याची नोंद लागली. औषधाने नेम धरावा अशी १७ प्रथिने त्यातून निवडली गेली. त्यांपैकी पाच इतरांच्या प्रयोगांनी आधीच योग्य ठरलेली होती. म्हणजे वाट बरोबर होती, याची ती खूणच होय.

आता दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून आपला उत्साह वाढला असेल, तर आता थोडे थांबावे. कारण आईने 'शोध लागला का' असे विचारले नव्हते. 'कुणी बरं झालं का' असे विचारले होते.

औषधाचा प्रवास लांब असतो. प्रथम नेम धरावयाचे प्रथिन, मग त्यात बसणारा रेणू, मग पेशींवर कसोटी, मग प्राण्यांवर, त्यानंतर माणसांवर तीन टप्प्यांत चाचण्या, आणि शेवटी सरकारी मान्यता. या वाटेवर दहा-बारा वर्षे सहज जातात, आणि निघालेल्यांपैकी फार थोडे रेणू शेवटास पोहोचतात. घरोघरच्या संगणकांचे काम बहुतांशी पहिल्या दोन पायऱ्यांवर चालते. चिबाचे सात रेणू, इबोलाची खाच, क्षयाची सतरा प्रथिने, ही सर्व फलिते खरी आहेत. परंतु ती वाटेच्या आरंभीची आहेत. केवळ या गणनेतून जन्मास आलेले आणि आज औषधाच्या दुकानात मिळणारे असे एखादे औषध बोट दाखवून सांगता येत नाही. क्षयावरील बेडाक्विलिन हे नवे औषध २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले आणि नंतर आपल्याकडेही आले. ते कंपनीच्या प्रयोगशाळेतून आले, स्वयंसेवकांच्या संगणकांतून नव्हे.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. २०२० साली 'अल्फाफोल्ड' या बुद्धिमान संगणकप्रणालीने प्रथिनांचे आकार अचूक ओळखून दाखविले. ज्या कामासाठी पूर्वी हजारो घरांतील यंत्रे रात्रभर राबत, त्यातील काही काम आता थोड्या वेळात होऊ लागले. प्रथिनाची हालचाल अभ्यासण्याचे काम मात्र तेवढ्याने संपलेले नाही, आणि तेथे अजूनही मनुष्यबळाप्रमाणे यंत्रबळ लागते. तात्पर्य, कोणत्या प्रकल्पास यंत्र द्यावे हे एकदा ठरवून विसरण्याजोगे नाही. मधूनमधून तपासून पाहण्याजोगे आहे.

घरचा हिशेब

शिवाय हे श्रमदान अगदी फुकट नसते. संगणक रिकामा बसला असता जेवढी वीज खातो, त्याहून पूर्ण जोराने चालताना अधिक खातो. हा फरक दीडशे वॉट धरला आणि यंत्र रोज रात्री आठ तास चालविले, तर महिन्यास ३६ युनिट होतात, वर्षास चारशेहून अधिक. चित्रांसाठी वेगळे शक्तिमान कार्ड बसविलेल्या यंत्रास याच्या दुप्पटही लागू शकेल. खोली तापते, पंखा लवकर झिजतो. ही वीज बहुतांशी कोळशावर तयार होते, हेही ध्यानात धरले पाहिजे. या खर्चास 'रिकाम्या वेळेचा उपयोग' म्हणून झाकता कामा नये. ते दान आहे, आणि दान म्हणूनच त्याचा हिशेब व्हावा.

ज्यांस हे दान करावयाचे असेल, त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. प्रकल्प कोणत्या विद्यापीठाचा अथवा संशोधन संस्थेचा आहे? त्याने आजवर कोणते निबंध प्रसिद्ध केले? फलित सर्वांस खुले आहे की कोणाच्या तिजोरीत जाते? आणि संगणकावरील गणिताची भाकिते प्रयोगशाळेत तपासणारे कोणी आहे का? या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळत असतील तरच आपले यंत्र त्यांच्या हाती द्यावे. कार्यक्रम उतरवून घ्यावयाचा तो त्या संस्थेकडूनच. मारतहळ्ळीसारख्या ठिकाणी आणखी एक सावधगिरी हवी : कचेरीने दिलेला संगणक हा आपला नव्हे. मालकाच्या परवानगीवाचून त्याच्यावर असे काम चालविणे म्हणजे दुसऱ्याचे बैल न विचारता इर्जिकेस नेणे होय.

दुसरी एक इर्जिक

क्षयरोगाचाच विषय निघाला आहे, तर त्याच्या इतिहासातील दोन गोष्टी सांगून हा लेख संपवू. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयोपचाराचे एक केंद्र निघाले. रोग्यास आरोग्यधामात ठेवलेच पाहिजे, की घरी राहून औषध घेतले तरी चालेल, हा त्यांचा प्रश्न होता. १९५९ साली उत्तर मिळाले : औषध नियमित घेतले तर घरीही रोगी जवळजवळ तितकाच बरा होतो, आणि घरच्या माणसांस त्यामुळे अधिक धोका पोहोचत नाही. या निष्कर्षाने साऱ्या जगातील क्षयोपचाराची दिशा बदलली. पुढच्याच वर्षी बंगळूर येथील राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. मद्रासच्या शोधास महासंगणक लागला नाही. ज्यांनी आपले शरीर अभ्यासासाठी दिले अशा गरीब रोग्यांचा विश्वास आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिकांचे पाय लागले.

दुसरी गोष्ट अलीकडची आहे. मंगळूरच्या अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याने आपल्या सहकाऱ्यांसह झारखंडात एक चाचणी केली. क्षयरोग्यांच्या घरातील माणसांना सहा महिने तांदूळ, डाळ असा पोषक शिधा दिला, तर काय होते? २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या घरांत सर्वांस शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. तपासणीत जंतू सापडलेल्या फुप्फुसाच्या क्षयापुरते पाहिले तर ४८ टक्क्यांनी. एका पिशवीतील डाळ-तांदळाने जे साधले, ते पुष्कळ महागड्या उपायांनाही साधत नाही. २०२२ पासून सरकारच्या 'नि-क्षय मित्र' योजनेत कोणीही नागरिक, संस्था अथवा कुटुंब एखाद्या क्षयरोग्याच्या पोषणाचा भार उचलू शकते.

म्हणून, वाचकहो, आईच्या प्रश्नास मुलाने प्रामाणिकपणे असे उत्तर द्यावे : "आई, आपल्या यंत्रानं अजून कुणी बरं झालेलं मी तुला दाखवू शकत नाही. पण उद्या बरं करणाऱ्या माणसांना वाट कुठे आहे, हे त्यानं थोडं दाखवलंय, आणि ते खोटं नाही."

आणि आई जर आपल्या आयांसारखीच असेल, तर ती म्हणेल, "मग चालू दे त्याला. पण आपल्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंच्या घरी कुणीतरी खोकतंय म्हणत होती ती. तिला उद्या दवाखान्यात घेऊन जा, आणि घरात डाळ-तांदूळ आहे का, तेही विचार."

रात्रीचे यंत्र उद्याच्या रोग्यासाठी राबते. आजच्या रोग्यासाठी आपणच उठावे लागते. खारीचा वाटा दोन्हीकडे उचलता येतो. एक उचलला म्हणून दुसरा चुकत नाही.